सात नंबरचा फोटो

४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी आईपासून लपवून लिहितेय. तिने शपथ घातली होती, ती मोडतेय. पाप लागलं तर अर्धं तुझं.

तुमच्या हौशी फोटोवाल्या मंडळाची पेटी फिरत फिरत परवा आमच्याकडे आली. अकरा जणांचे अकरा फोटो, नाव कुणाचंच नाही, नुसते नंबर, आणि प्रत्येकाबरोबर सगळ्यांच्या सहीनिशी मताच्या चिठ्ठ्या. बाबा नेहमी तुझी चिठ्ठी आधी वाचतात. सात नंबरसाठी तू लिहिलंयस की उजेड छान पकडलाय, चादरीच्या घड्याही छान आल्यात. पण हात नाटकी वाटतो, आजाराचं सोंग करायला कुणाला तरी झोपवल्यासारखा. चेहरा तर कापूनच टाकलाय. काढणाऱ्याला या माणसाबद्दल काही वाटत नसावं. आणि उपाय म्हणून लिहिलंयस, आधी माणूस ओळखा, मग कॅमेरा उचला.

मामा, तो फोटो बाबांचा आहे आणि तो हात आईचा आहे.

गुडघा दुखतो म्हणून ती तुला लिहीत होती ना, ते सगळं खोटं. पाच महिन्यांपूर्वी पोटात गाठ निघाली, आता ती यकृतापर्यंत गेलीये. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांवर आलेत. मामी गेल्यापासून तू आत्ता कुठे सावरतोयस, परत तुला दवाखान्याची पायरी नको, असं तिचं म्हणणं. आम्ही गप्प बसलो, चुकलंच.

बाबांना तू ओळखतोस. बसच्या डेपोत तीस वर्षं इंजिनांशी बोलले, माणसांशी बोलायचं राहूनच गेलं. पण रोज चार ते सहा या भेटीच्या वेळेत वॉर्डात ते कॅमेरा घेऊन आईशेजारी बसायचे, पडदा सरकव, उशी हलव असं करत एक फोटो काढायचे, आणि त्या निमित्ताने दोघं बोलायचे. तुझी चिठ्ठी वाचल्यापासून कॅमेरा कपाटात गेलाय. आता ते दोन तास बाहेर व्हरांड्यात उभे असतात. आई दाराकडे बघत पडून असते. तिच्याकडे वेळ उरलेला नाही रे, आणि आहे तो असा चाललाय. तुझे शब्द तू कसेही करून परत घे.

तुझी,
चिऊ

९ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक नवा चष्मा लावून बघत बसलं होतं, त्याला तसंच सोडून आत गेलो. काय लिहू? ज्या हाताने मला घास भरवले त्या हाताला मी सोंग म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाहीच, पण हातालाही नसावं?

भाऊजींना त्याच दिवशी माफीचं पत्र टाकलंय. उत्तर नाही, आणि ते बरोबरच आहे. मंडळात सगळे माझ्या चिठ्ठीला मान देतात, त्याने डोकं चढलं होतं. नवख्यांचे फोटो पाहून दोन बऱ्या गोष्टी आधी सांगायच्या, हा नियम मीच केला. त्या दोन गोष्टी म्हणजे पुढच्या फटक्याआधी पाठीवरून फिरवलेला हात असतो, हे आज कळलं.

एवढंच सांगतो, चेहरा असता तर हे झालं नसतं. ताईला मी हजारांत ओळखीन. मी येतोय. तिला सांगून ठेव, नाहीतर माझ्याच अंगावर ओरडेल.

तुझा,
मामा

१३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. आ.

कळलं तर तुला. चिऊच्या पोटात तीळ भिजत नाही, बापावर मुळीच गेलेली नाही. तिला रागावले, मग बरं वाटलं.

चेहरा मीच कापायला लावला. तोंडाची अगदी रया गेलीये, केसही गेलेत. अकरा घरांत ते फिरवायचं नव्हतं. हे नको नको म्हणत होते, मीच हट्ट केला की हाताचा पाठवा, ढब्बू बघेल, त्याला कळेल. तू ओळखावंस म्हणून पाठवला होता रे. तोंडाने सांगवत नव्हतं. तेव्हा चूक निम्मी माझी. तुझी निम्मी मात्र मी सोडणार नाही.

तुझं माफीचं पत्र यांनी वाचलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. तू रडूनभेकून काही होणार नाही. समोर ये आणि काय करता येतं ते बघ. मला मरायची भीती वाटते, खोटं कशाला सांगू? हे शेजारी बसले की जरा कमी वाटते. एवढं एकच मला परत हवंय.

शनिवारी चारला ये. खिडकीपाशी माझी आणि शेजारच्या एका बाईंची अशा दोन खाटा आहेत.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

सुखरूप पोचलो. तुला पाहून बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण तू फाडून टाकशील. बरं नाही वाटलं. भाऊजींशी व्हरांड्यात बोलायला गेलो, तर त्यांनी मला नुसतं पाणी आणून दिलं.

येताना भर उन्हातून आलो होतो, डोळ्यांपुढे अंधारी होती, म्हणून आत शिरल्यावर जरा गडबडलो. तू मनावर घेतलं नसशील. पुढच्या आठवड्यात गुरुवारी पुन्हा येतो.

तुझा,
ढब्बू

२१ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. आ.

उन्हाचं राहू दे. तू आत आलास, माझ्यावरून नजर फिरवलीस, भिंतीवरून फिरते तशी, आणि डावीकडच्या खाटेपाशी जाऊन त्या बाईला म्हणालास की ताई, फार काही उतरली नाहीस गं. तिची वेणी आणि गोल तोंड बघून फसलास. मी हाक मारत होते, पण आवाजच फुटेना. शेवटी त्या बाईनेच बोट दाखवलं. तू वळलास तेव्हाचं तुझं तोंड मी बघितलंय. मला फार लागलं. तू गेल्यावर रडले.

हे दारातून सगळं बघत होते. मला वाटलं, संपलं, आता आतसुद्धा यायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला कॅमेरा घेऊन हजर. जन्मात बोलले नाहीत इतकं एका दमात बोलले. म्हणाले की सख्खा भाऊ समोर उभा राहून ओळखत नाही, म्हणजे फोटो खोटा नव्हता, बघणाराच चुकला. आता हिला रोज बघतो असा मी एकटाच उरलोय, मीही कॅमेरा खाली ठेवला तर ही दिसायची कुणाला? मग चेहऱ्याचा काढू का विचारलं. मी हो म्हटलं. सहाची घंटा झाली तरी उठले नाहीत, नर्सने दोनदा हटकलं.

तेव्हा तुझ्या हातून काम झालं, तुला करायचं होतं तसं नव्हे, पण झालं.

फोटो सोबत पाठवतेय. चिठ्ठी लिहू नकोस. रोज दुकान उघडायच्या आधी बघ आणि पाठ कर. गुरुवारी ये. डावीकडच्या बाईंना काल घरी सोडलं, आता चुकायला दुसरी खाट नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई