आईच्या बोटाखालचा दगड

खामगाव, ४ ऑगस्ट २०२४

चि. गणेश यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

उकंडरावांनी तू केलेलं दार परत पाठवल्याची बातमी एसटीबरोबर इथवर आली. फळीवर लाटा उठल्या म्हणे. उठणारच. बाबांचा धारेचा दगड मधोमध ताटलीसारखा खोल गेला आहे. त्यावर घासलेलं रंध्याचं पातं सरळ कसं राहील? ज्याने सरळ करायचं तोच वाकडा झाला, तर पात्याला दोष देऊन भागत नाही. हे मी शाळेतही सांगितलं आणि सभांतही.

भाचा दीपक येतो आहे, त्याच्या हाती डायमंड प्लेट पाठवतो. पोलादी पट्टी आहे, तिच्यावर हिऱ्याची बारीक कच बसवलेली. दगडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मार, पाणी सोड आणि प्लेट घासत राहा. शेवटची रेघ पुसली की दगड सपाट झाला. जोर लावू नकोस. बाबांची आठवण म्हणून खड्डा जपणं ही भक्ती नव्हे, आळस आहे. आठवण हातात ठेवावी, हत्यारात नव्हे.

आईला नमस्कार. लोभ आहे, म्हणूनच रागावतो.

भगवान


जानेफळ, १ सप्टेंबर २०२४

ती. दादास गणेशचा सा. न. वि. वि.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तुझं भाषण संपत नाही, कागद तरी संपतो. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भगवानले घरातबी मांडव लागते. दगडाचा भाग मात्र मी गाळला.

प्लेट मिळाली, पण हात धजत नाही. आईला दिसेनासं झाल्यापासून खंडेनवमीला ती दगडाला हळदकुंकू चाचपूनच लावते, नेमकं त्या खड्ड्यात. बाबांची जागा म्हणते. बाकी हत्यारांची पूजा मी केली तरी चालते, दगडाची तिलाच लागते. पण तुझंही खोटं नाही. उकंडरावांचं दार भिंतीला टेकून उभं आहे, येणारा-जाणारा बघतो. तू सांगशील तसं करीन. वहिनीला नमस्कार, तुझा लोभ आहे तसा राहो.

गणेश


खामगाव, ८ सप्टेंबर २०२४

चि. गणेश यास आशीर्वाद.

घास. धंदा आहे तर हत्यार चोख हवं. आईची काळजी करू नकोस, नवमीला मी स्वतः येऊन तिला समजावतो. साऱ्या तालुक्याला समजावलं, आईला नाही का समजावणार? तुझ्या हिताचंच सांगतो.

भगवान


जानेफळ, १३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तू आला नाहीस. बुलढाण्याला तुझं व्याख्यान होतं, असं दीपक म्हणाला.

प्लेट फार चांगली आहे. कडेच्या रेघा लगेच पुसल्या, मधल्या जाता जात नव्हत्या. शेवटची गेली तेव्हा मला वाईट वाटलं, पण रंधा आता फळीवरून अखंड साल काढतो. उकंडरावांनी दारावर हात फिरवला आणि ते त्याच दिवशी नेलं, म्हणजे पसंत पडलं.

नवमीला आईने कुंकवाचं बोट दगडावर ठेवलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलं. मग विचारलं, हा कोनाचा दगड आनला. आपलाच आहे, सपाट केला, असं सांगितलं तर ऐकेना. मी विकला अशीच तिची समजूत. शेवटी तिच्याजवळ बसून पातं घासलं. ती कान देऊन ऐकत राहिली. आवाज ओळखला तिने. म्हणाली, दगड तं आपलाच हाये, मंग त्याईचा हात कुठी गेला.

समजावणारा तर बुलढाण्याला होता. कुंकवाचं बोट तिने पदराला पुसलं.

आणखी एक. बाबांनी बाभळीच्या ठोकळ्यात राळ ओतून दगड बसवला होता. घासताना पाणी मुरून राळ सुटली, म्हणून काल तो काढला. दादा, खालची बाजू कोरी आहे. तिला कधी पातं लागलेलंच नाही. दगड पालथा केला असता तर खड्डाही राहिला असता आणि दारही झालं असतं. तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही. पेन्सिल घेतली आणि दिसली त्या बाजूवर रेघा मारल्या.

आईची तब्येत ठीक आहे. बोलते कमी. लोभ असू दे.

गणेश


खामगाव, १८ ऑक्टोबर २०२४

चि. गणेश यास आशीर्वाद.

उत्तर म्हणून बरेच कागद लिहिले आणि फाडले. आईची समजूत घालणारी वाक्यं होती. सभेत टाळ्या पडल्या असत्या.

तू कामाला खालची बाजू घे. तिला प्लेट लाव, ती सपाट राहू दे. वरची मला ठेव. सोमवारी येतो, राहायलाच येतो. रोज सकाळी आईजवळ बसून घरातले विळे, गल्लीतले विळे त्या बाजूवर घासीन, मधोमध. तिथे प्लेट लावायची नाही.

आईच्या हयातीत खड्डा पडणार नाही, हे मला कळतं. ती बोट ठेवून पाहील आणि अजून नाही म्हणेल. मी पुन्हा पाणी सोडीन.

लोभ ठेव, असं सांगायला या वेळी तोंड नाही.

दादा