परचुरे निर्देशांक वर जातो

४ ऑगस्ट, सोमवार
निर्देशांक पूर्ण झाला. देशाची मालाची निर्यात मोजायची ही पद्धत जगात कुठेच नाही. जगाचं काय चुकतंय ते आता कळलं. नाव: परचुरे निर्देशांक. नाव आधी ठरलं होतं, पद्धत नंतर बसवली.
महिनाअखेर आमच्या अर्थशास्त्र विभागाच्या प्रमुखाची निवड. त्याआधी बावीस तारखेला सेमिनार, संचालक स्वतः येणार. उमेदवार दोघेच, मी आणि श्रीनिवास. श्रीनिवासने आयुष्यात वर्गाच्या हजेरीखेरीज काही मोजलेलं नाही.
संकल्प: तोवर कोणाकडे काही बोलायचं नाही.

५ ऑगस्ट
बिबवेवाडीतल्या भाजीवाल्यापासून सासुरवाडीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. वासंती म्हणाली, अहो, पद मिळू तर द्या. संसारात उत्साह म्हणून नाही.

८ ऑगस्ट
शेफालीला आलेख दाखवला. ही आमच्याकडची कॉन्ट्रॅक्टवरची लेक्चरर. रेषा सरळ वर चाललीय, माणसाने आधी अभिनंदन करावं. तिने विचारलं, सर, आधारवर्ष लॉकडाऊनचं का धरलंत? म्हटलं, सुरुवात कुठूनतरी करावीच लागते. तर म्हणे, त्या वर्षी सगळंच ठप्प होतं, त्याच्याशी तुलना केली तर कोणीही पळताना दिसेल.
या पिढीला देशाची प्रगती बघवत नाही.
रात्री वजनकाट्यावर उभा राहिलो. गेल्या दिवाळीनंतरचं वजन आधार धरलं तर दोन किलो उतरलोय. लग्नातलं धरलं तर बोलायला नको. दिवाळी धरली.

१३ ऑगस्ट
शेफाली पुन्हा. आकडे रुपयांत का, डॉलरमध्ये का नाहीत? रुपया घसरला की तेवढ्याच मालाचे रुपये जास्त दिसतात, वगैरे. मी सांगितलं, आपली निर्यात आपल्याच रुपयात मोजणार, स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते. ती आलेख परत देऊन तासाला गेली. पटलं असावं.

१८ ऑगस्ट
श्रीनिवासने आलेख पाहिला. फार खूश. म्हणाला, सर, सेमिनारला हाच दाखवा, एक ठिपकासुद्धा हलवू नका. प्रतिस्पर्धी असून इतकं मोठं मन. मी प्रमुख झालो की त्याला लायब्ररी कमिटी देणार.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
संचालकांनी पहिलाच प्रश्न विचारला, डॉलरमध्ये काय दिसतं? स्वाभिमानाचं वाक्य टाकलं. श्रीनिवास नम्रपणे म्हणाला, पण सर, परदेशातलं गिऱ्हाईक बिल बहुतेक डॉलरमध्येच चुकतं करतं ना. मग संचालकांनी शेफालीला लॅपटॉपपुढे बसवलं. तिने तिथल्या तिथे आकडे बदलले. माझी शेवटच्या तीन वर्षांची चढण सगळ्यांदेखत आडवी झाली. शेवटाला किंचित खालीच.
संचालक म्हणाले, म्हणजे परचुरे, रुपया जितका आपटेल तितकी आपली भरभराट. सगळं सभागृह हसलं. श्रीनिवास सगळ्यात शेवटी हसला, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवतो.

२३ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. दोष अमेरिकेच्या टॅरिफचा. जास्तीचं टॅरिफ अजून लागू व्हायचंय हे खरं, पण वातावरण आधीच बिघडलं होतं.
वासंतीने विचारलं, कसं झालं? म्हटलं, चर्चा रंगली. तिने जेवायला लवकर वाढलं. मग फार वाईट वाटलं. तीस वर्षं मी हाच विषय शिकवतोय.

२९ ऑगस्ट
मुलाखत चांगली झाली. मला एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे शंका उरलेली नाही.

१ सप्टेंबर, सोमवार
श्रीनिवास विभागप्रमुख झाला. मला लायब्ररी कमिटी.
दुपारी शेफाली केबिनमध्ये आली. पहिल्या वर्षाच्या वर्गाला माझा आलेख दाखवायचाय, माझी परवानगी हवी, म्हणाली. विषय कोणता, विचारलं. ती जरा अडखळली. मोजमापातल्या चुका, म्हणाली.
दिली परवानगी. दर वर्षी दीडशे मुलं तो बघतील, काही झालं तरी संदर्भ म्हणून राहील. फक्त आलेखाखाली परचुरे निर्देशांक असं स्पष्ट लिही, म्हटलं.
ती म्हणाली, सर, मला वाटलं तुम्हाला अवघड होईल, म्हणून नाव मी आधीच काढून टाकलंय.