नायकाचे तिन्ही गुरू वारले

मंगळवार, ४ मार्च. रात्रीच्या जेवणाआधी

वेळ नेमकी लिहून ठेवते, पुढे लागेल. आज संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, लायब्ररीच्या वरच्या खोलीत, सगळ्या कादंबरी-लेखन वर्गासमोर, आमच्या मार्गदर्शकांनी जाहीर केलं की माझा नायक वाढत नाही.

माझा नायक! ज्याला जगातला सर्वोत्तम पियानो-ट्यूनर व्हायचं आहे. ज्याने त्या स्वप्नापायी घर सोडलं. ज्याला मी एक सोडून तीन गुरू दिले!

तर म्हणे, तिन्ही गुरू वारतात. वारतात म्हणजे? माणसं वारत नाहीत? म्हणे, गुरूने नायकाची चूक काढली की पुढच्या पानावर गुरू गेलाच. पहिला जिन्यावरून पडून, दुसरा न्यूमोनियाने, आणि तिसऱ्या गुरुबाईंना तर तुम्ही कारणही दिलं नाहीत, आजी.

आजी! शाळा-तपासणीतून निवृत्त झाले आहे मी. याच्यासारखे कितीतरी शिक्षक मला फाटकातून आत येताना बघून पाठ-टाचणाची वही शोधत सैरावैरा पळाले आहेत.

उत्तर द्यायला तोंड उघडलं तर वर्गाचा नियम आडवा. ज्याच्या लेखनावर चर्चा चालू आहे त्याने चर्चा संपेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. फक्त ऐकायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी अर्थातच बोलले.

संकल्प: शांत राहणे. नायकात बदल करणार नाही.

बुधवार, ५ मार्च

चहाच्या वेळी धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. आम्ही दोघी एकत्र राहतो, तेव्हा बाजू माझीच घेईल असं वाटलं होतं. हसली. टेबलक्लॉथवर चहा सांडेपर्यंत हसली. म्हणाली, ताई, तुझा हा मुलगा पियानोला हात कधी लावतो गं? मला कुठे दिसलंच नाही. मी म्हटलं, ते सूचित आहे. तर म्हणे, तो गुरूंना देतो ते शेरे मात्र सूचित नाहीत हं, चांगले ठळक आहेत. ‘अध्यापन समाधानकारक. टापटीप कमी. सुधारणेस वाव.’ शिकायला गेलाय की तपासणीला?

घरच्या माणसाला हस्तलिखित वाचायला देऊ नये.

शनिवार, ८ मार्च

मार्गदर्शकांचा फोन. वर्गाच्या समारोपाला तिघांना वीस-वीस मिनिटं वाचायला मिळणार. एक प्रकाशिका खास ऐकायला येणार. माझा विचार होऊ शकतो. म्हणाले, तिसऱ्या गुरुबाईंना फक्त एक प्रकरण जगू द्या, आणि नायकाला त्यांचं ऐकू द्या. मी म्हटलं, माझी एक अट आहे. ते म्हणाले, अट नको, मॅडम, प्रकरण आणा.

‘मॅडम’. सुधारणा नोंदवली.

फोन ठेवते न ठेवते तोच धाकटीने सगळ्या मावसबहिणींना कळवलंसुद्धा. ताई वाचणार! पहिली रांग! मी तिला अडवलं नाही. खोटं थोडंच आहे?

सोमवार, १० मार्च

गुरुबाईंना जिवंत केलं. डोक्याला ताप. बाई बोलायलाच लागल्या. म्हणाल्या, एक तार छेड आणि तिचा आवाज पार विरेपर्यंत ऐक. नायक म्हणाला, याबद्दल मी वाचलं आहे. त्या म्हणाल्या, वाचलंस ना? मग आता गप्प बस.

हे मी लिहिलं नाही. त्याच म्हणाल्या.

नायक सहा ओळी गप्प बसला. त्याला बसवलं, मला बसवेना. सातव्या ओळीत त्याने त्यांना सांगितलं की तुमच्या खिडकीवर बोटभर धूळ आहे. मला हायसं वाटलं.

सहा ओळींची वाढ! याहून जास्त वाढ झाली तर माणूस ओळखू येत नाही.

मंगळवार, ११ मार्च

वाचलं. त्या सहा ओळींना खोली इतकी शांत झाली की मीच दचकले. मग चर्चा. तोंड बंद राहावं म्हणून पेपरमिंट ठेवली होती. आमच्यातले निवृत्त दंतवैद्य (यांचा नायक कुत्रा आहे, आणि तो म्हणे भरपूर वाढला आहे) म्हणाले, या गुरुबाईंकडे मीसुद्धा शिकायला जाईन. मी गप्प. मार्गदर्शक म्हणाले, इथे तुमचा नायक पहिल्यांदा काहीतरी शिकतो. सातवी ओळ तेवढी काढा आणि समारोपाची वीस मिनिटं तुमची. मी गप्प. नियमाप्रमाणे, पूर्ण गप्प! मग ते म्हणाले, जो खरोखर ऐकत असतो त्याला खिडकीवरची धूळ दिसत नाही हो.

पेपरमिंट गिळली गेली.

मी म्हटलं, मला तर दिसते. या खोलीच्या खिडक्यांवर पहिल्या दिवसापासून दिसते आहे. फळ्यावर मागच्या आठवड्याची तारीख आहे. हजेरी घेतली जात नाही. ट्यूबलाइट फडफडते. कुत्र्याला नायक म्हणतात. सगळं क्रमाने सांगितलं. खालचा रखवालदार कुलूप घेऊन दारात उभा राहिला तेव्हा थांबले. समोर फक्त दंतवैद्य उरले होते, तेही छत्री विसरली म्हणून परतलेले.

एकंदरीत प्रभाव पडला असावा.

शुक्रवार, १४ मार्च

लायब्ररीच्या बोर्डावर कार्यक्रमपत्रिका लागली. वाचणारे तिघे. त्यात कुत्रा आहे. माझं नाव तळाशी, ‘विशेष आभार’ खाली: ‘खोलीच्या स्वच्छतेविषयी मौलिक सूचना’.

अंगाचा तिळपापड झाला. धाकटीला सांगितलेलं नाही. ती मावसबहिणींना पत्ता समजावून सांगत होती.

शनिवार, १५ मार्च

मार्गदर्शकांना द्यायच्या पत्राचा मसुदा:

महोदय, कार्यक्रमपत्रिकेत गंभीर चूक झाली आहे, ती आपली आहे. सातवी ओळ मी आज सकाळी काढून टाकली. कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, ती मुळातच अनावश्यक होती. आता नायक प्रकरणाच्या शेवटपर्यंत बोलत नाही. तार विरते आणि तो नुसता बसून राहतो. मला हे पटलेलं नाही, पण वाचून दाखवता येईल. वीस मिनिटं नकोत, आठ पुरतील. कुत्र्याच्या आधी किंवा नंतर, कधीही.

समारोपाला माझ्या पाच मावसबहिणी येत असून त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत. मी त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे की त्यांच्या शेजारी बसायचं आहे, हे सोमवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळवावे. तोंडी उत्तर ऐकून घेतले जाणार नाही.