सगळ्या तोट्या एकदम

प्रिय शिवकन्या,

गावातल्या कुणाचाच फोन तू उचलीनास, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर लागत न्हाई म्हणू नकोस, बस आन् लाव. वेळेवर जेवतीस का? मागच्या खेपेला गळ्याची हाडं दिसत होती.

इकडं टँकर येतो तवा येतो. पाणी सोसायटीची टाकी, पाइप, मोटर समदं तयार हाय, फक्त तपासणीच्या कागदावर इंजिनेर म्हणून तुझी सही न्हाई. काल टँकरपाशी विमलबाईनं टोमणा मारला, मनकर्णे, तुझ्या पोरीला पुण्यात तहान लागत न्हाई वाटतं. मी म्हणलं, ती पहिल्यापासून तसलीच. ऊसतोडीला निघताना तुझा बाप बैल हाकायचा, आन् तू गाडीवरून खाली उडी मारून सामानाचे चारी बाजूचे दोर ओढून बघायचीस. मला उशिराचा राग यायचा, त्याला हसू.

करारात लिहिलंय म्हणं, सगळ्या तोट्या चालू असताना माळावरच्या शेवटच्या घरीबी हंडा भरला पाहिजे. कंत्राटदारानं एकेक तोटी सोडून दाखवली. मलाबी वाटलं, पोरगी उगं ताणती. म्हणून परवा चाचणीला मोटर चालू झाली तशी देवळाच्या भोंग्यावरून ओरडले, बायांनो, सगळ्याजणी एकदम सोडा गं! आपल्या दारात धो धो पाणी. लई बरं वाटलं, खोटं कावून बोलू? मग माळ चढून शेवटच्या घरी, भिवराबाईकडं गेले. म्हातारी तोटीखाली हंडा धरून बसलेली. तोटीतून नुसता वारा. येईल गं, जरा दम धर, म्हणाली. मला दम निघत न्हाई, तुला ठावं हाय. तरी थांबले. न्हाई आलं.

आता खरं सांगते. हे पत्र मला सोसायटीच्या चेअरमननी, भगवानरावांनी लिहायला लावलंय. आईचं ऐकंल म्हणाले. उद्घाटनाचा मांडव ठरलाय त्यांचा. कागद-पाकीट त्यांचंच, पाटोद्याला पोस्टात टाकणारबी तेच. ओसरीवर चहा पीत बसलेत आन् घडीघडी विचारतात, झालं का, पोरीला नीट समजावून लिही. नीटच लिहितेय. सही करू नको. माझं नाव सांगून कुणी आलं तरी करू नको. माळावर पाणी चढंल तवा कर. तवर मी टँकरच्या रांगेत हाय, भिवराबाईच्या मागं. पाकीट डकवूनच त्यांच्या हातात देते.

तुझीच, तापट पण तुझ्याच बाजूची,
आई