तिची सही पुरते

देवणी, मंगळवार संध्याकाळ

आज दवाखान्यात संगीताला गर्भपाताच्या गोळ्या दिल्या. थोडेच आठवडे झाले होते, कायद्यात सगळं बसत होतं. तरी तिच्या सासूचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

संगीताला दोन मुली. दुसऱ्या बाळंतपणात रक्त इतकं गेलं की लातूरला हलवावं लागलं होतं. सासूला बाहेर बसवून मी दार लावलं, तेव्हा संगीता म्हणाली, "मॅडम, मला मरायचं न्हाई. नवऱ्याची सही लागती का?"

"नाही. तुझी एकटीची पुरते."

सासू बाहेरून दार वाजवत होती. संगीतानं सही केली, तरी वाजवतच होती. शेवटी मी दार उघडलं.

"पोरगा असंल तो! जीव घेणं पाप हाय, बाई."

"आत्या, देवाला काय सांगायचं ते मी सांगीन," संगीता तिला म्हणाली.

सासू माझ्याकडे वळली. "कायदा तुमच्याजवळ हाय. पण पाप कुणाला लागंल, ते सांगा की."

गोळ्यांनंतर रक्त जाईल, ते कितपत चालतं, हे मी संगीताला समजावू लागले. इतकी वर्षं हे काम करते, या प्रश्नाचा कधी विचारच केला नाही का? की केला आणि सोडून दिला?

निघताना सासू एकटीच परत आत आली. वाटलं, आता शिव्या देणार.

"पाप ते पापच," ती म्हणाली. "पण रक्त लई जाऊ लागलं तर रातच्याला फोन कुणाला लावू?"

मी माझा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. तिनं तिथंच लावून बघितला. माझा फोन वाजल्यावरच ती गेली.