थेंबाची कड

अमरावती,
दि. ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय बंडूभाऊस,

सप्रेम नमस्कार. सुभद्रावहिनींची तब्येत आता कशी आहे? अकोल्याला जुन्या शहरात खोली मिळाली, असं गावातल्या पार्बताबाईंकडून कळलं. मी फोन लावला की तू बंद करतोस, म्हणून लिहितो आहे.

मी इथे एका कॉलेजात संगणकाच्या खोलीची झाडपूस करतो. तिथे आचलताई शिकतात. त्यांच्या पडद्यावर एक थेंब सतत वाळत असतो. खरा नाही, गणितातून काढलेला. मी इतक्यांदा थांबून पाहिला की त्या म्हणाल्या, "काहून रे चंदन, फरशी पुसता पुसता पीएचडी करून राहिला काय?"

मग समजावून सांगितलं. थेंबाची कड खाली चिकटून बसते, मागे सरत नाही. वाफ कडेवरूनच जास्त उडते. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि त्यात मिसळलेलं सगळं सोबत नेतं. शेवटी नुसतं गोल वळं उरतं.

तशी वळी आपण मे महिन्यात फवारणीनंतर आमच्या बाबांच्या बागेत संत्र्याच्या पानांवर पाहिली होती. मग पानं करपली, बारीक फळं गळली.

मी विचारलं, "ऊन कमी केलं तर?" त्यांनी आकडा बदलला. थेंब हळू वाळला, पण वळं उमटलंच. मला किती हलकं वाटलं, ते लिहायची लाज वाटते. म्हणजे फवारणीच्या वेळेचा दोष नव्हताच!

"पानाचं बी असंच असते ना, ताई?"

"हा थेंब काचेवरचा आहे बाप्पा. पान कवा जळते, ते याले काय माहीत?"

त्याला माहीत नाही. मला आहे. तू औषध मापानं कालवलंस, "नऊच्या आत फवारून टाक" म्हणालास आणि परतवाड्याला गेलास. मी झोपून राहिलो. पंप पाठीवर घेतला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

आठ दिवसांनी बाबांनी चौकात सगळ्यांसमोर विचारलं, "बंड्यानं औषध डबल टाकलं होतं काय रे?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यानंतर तुला गावात कोणी फवारणीला बोलावलं नाही.

काल बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले काहून सांगतो? त्याचं नाव जिथं घालवलं, तिथं जाऊन सांग."

रविवारी सकाळी आठ वाजता शेंदूरजनाघाटच्या चौकात, त्याच माणसांसमोर सांगणार आहे. तू ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. आलास, तर माझ्या बाजूला उभा राहू नकोस. समोर उभा राहा.

तुझं नाव घालवणारा,
चंदन