पेनेचे तीस टक्के

वॉटसनविल, ४ मार्च

ति. डेल्फिनाताईस,
धाकट्या निकानोरचा शि. सा. न. वि. वि.

शीतगृहात माझ्या जोडीनं काम करणारा रुतिलिओ माझ्या डोळ्यांदेखत फोर्कलिफ्टखाली गेला, त्याला चौदा महिने झाले. मला अजून त्या दारातून आत जाता येत नाही. भरपाईसाठी माझं मन तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा अहवाल आला. त्यांनी दुखण्याची वाटणी केली आहे : सत्तर टक्के अपघातामुळे, तीस टक्के लहानपणीच्या दुःखामुळे. त्या तिसांची जबाबदारी कंपनीवर नाही.

मी एवढंच म्हणालो होतो, की सात वर्षांचा असल्यापासून मला पेना वाटते. म्हणजे आपण गावाकडे म्हणतो तशी, चारचौघांत बोलायची लाज. दुभाषी बाई स्पेनची. तिच्याकडे पेना म्हणजे नुसतं दुःख. मग डॉक्टरीणबाईंनी आई कधी गेली ते विचारलं. मी तारखेसकट सांगितलं; तेच माझं सातवं वर्ष.

काय करू ते कळव.
तुझा निकानोर


डिन्यूबा, ९ मार्च

चि. निकानोर यास अनेक आशीर्वाद.

तारीख सांगितलीस, वारही सांगितला असशील. शहाण्या, विचारलं तेवढंच बोलावं माणसानं. मी तुझ्या वकीलबाईंशी बोलले. मी लिहून देते आहे, की तू हसरा होतास, फक्त लाजाळू. आईला पुरलं त्या दिवशी आल्यागेल्याला खुर्च्या मांडत होतास, डोळ्यात टिपूस नव्हतं. तूही ‘लाज’ असंच लिही आणि सही कर. आणि जेवत जा. गालफडं बसली आहेत, असं चुलतभाऊ सांगत होता.

तुझीच,
ताई


वॉटसनविल, २ मे

ति. ताईस शि. सा. न.

तुझा नि माझा, दोन्ही कागद वकीलबाईंकडे पोचले. डॉक्टरीणबाईंनी वाटणी बदलली. आता शंभर टक्के अपघात. वकीलबाई म्हणाल्या, माझ्या जेमतेम अक्षरओळखीवर इतका नेटका कागद त्यांनी पाहिला नव्हता.

ताई, दुभाषी चुकली हे खरंच. पण खुर्च्यांचं तू लिहिलंस ते वाचलं आणि माझा कागद दोन दिवस सही न करता तसाच ठेवला. त्या दिवशी एका खुर्चीवर मी कुणाला बसू देत नव्हतो. आई आली तर तिला जागा हवी, असं वाटत होतं. शेवटी तुझ्या सासऱ्यांनी ती उचलून नेली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता कागदावर आहे, की आई गेल्याचं मला काही वाटलं नाही. मी तो तीनदा तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, खाली सही माझी आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा निकानोर